रेषेखालचं पान

“रेष कुठं मारली?” महारुद्र सरांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

“तिसऱ्या ओळीखाली,” संघप्रिया म्हणाली. “अपॉइंटमेंटचा फॉर्म सेहेचाळीस टक्के. तपासणीचे रिपोर्ट चोवीस, म्हणजे सत्तर झाले. डॉक्टरांच्या वेळांचं पान बारा. ब्याऐंशी.”

“मग तेवढंच दुरुस्तीला द्या.”

परभणीतल्या एका धर्मादाय दवाखान्याची वेबसाइट संघप्रिया सांभाळायची; महारुद्र सर तिथले व्यवस्थापक. कुठल्या पानावर किती लोक येऊन अडले, याचा अहवाल ती दर महिन्याला काढी. दुरुस्ती करणारी एजन्सी बाहेरची. तिचे महिन्याचे तास ठरलेले. पूर्वी जो डॉक्टर जास्त ओरडेल त्याचं काम आधी व्हायचं. मग संघप्रियानेच ही पद्धत आणली. ज्या अडचणीत सगळ्यांत जास्त लोक अडले ती वर, मग तिच्याखालची. टक्के एकात एक मिळवत जायचे आणि ऐंशी ओलांडले की रेष मारायची. रेषेच्या वरचं आधी. ‘संचयी टक्केवारी’ हा शब्द सरांना फार आवडला होता. भांडणंही मिटली होती.

अगदी तळाला डायलिसिसच्या वेळापत्रकाचं पान होतं. जुन्या मोबाईलवर ते उघडतच नसे. दोन टक्के. मागच्या महिन्यातही ते तिथंच होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी जिन्याजवळच्या बाकावर एक म्हातारी नवऱ्याला खांद्याचा टेकू देऊन बसलेली तिला दिसली. नवऱ्याचे पाय सुजले होते, डोळे मिटलेले.

“आजी, कुणाची वाट बघताय?”

“राणीसावरगावहून आलाव बाई, मशीनवर घालायला. तर सिस्टर म्हणायल्या, तुमची दुपारची पाळी सकाळवर गेली. आमाला काय म्हाईत? सुनेनं मोबाईलमधी पाहिलं, तर नुस्तं गोल गोल फिरायलंय म्हनली.”

“फोन नाही आला दवाखान्याचा?”

“आमाला कोन करनार फोन?”

तिचं नाव बानूबाई. नवरा रायभान, सगळा जन्म मेंढरांमागं हिंडलेला. संघप्रिया डायलिसिस विभागात जाऊन रेणुका सिस्टरशी बोलली. संध्याकाळनंतर एक मशीन मोकळं होणार होतं, पण तोवर गावाकडची शेवटची एसटी निघून जाणार होती.

“ऱ्हाऊ की हितंच. व्हरांडा हाय,” बानूबाई म्हणाली आणि नवऱ्याचं डोकं खांद्यावर नीट घेतलं.

संघप्रिया वर आली. “सर, या वेळी डायलिसिसचं पानही घेऊ.”

“दोन टक्के आहे ते. पद्धत तुमचीच, मॅडम.”

“माणसं किती अडली ते मोजलं आपण. अडल्यावर त्यांचं काय होतं, ते कुठं मोजलंय? फॉर्म अडला तर लोक काउंटरला फोन करतात. ह्यांची पाळीच चुकायलीय.”

सरांनी कागद टेबलावर ठेवला. “खरंय तुमचं. पण ट्रस्टींपुढं काय ठेवू? उद्या प्रत्येक विभाग म्हणेल, आमचंबी वेगळंय. पुढच्या महिन्यात बघू.”

त्यांचाही आवाज थकलेला होता. पुढच्या महिन्यात वर नव्या अडचणी येतील आणि हे पान पुन्हा खालीच राहील, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रेणुका सिस्टरकडून तिनं पेशंटचे नंबर घेतले आणि पाळ्या बदलल्या की स्वतःच फोन लावू लागली. कामाच्या वेळात जमत नसे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत, डबा समोर उघडा ठेवून. कुणी शेतातून ओरडून बोलायचं. कुणी कंपनीचा फोन समजून मधेच कट करायचं. भाजी गार होऊन जायची. अहवालही दर महिन्याला निघत राहिला.

थंडीत पाळ्या पुन्हा बदलल्या. तिनं राणीसावरगावचा नंबर लावला.

“बानूबाई, दवाखान्यातून संघप्रिया बोलतेय. पाळीची वेळ—”

“मालक गेले बाई. पाचवा दिस हाय आज.”

संघप्रियाच्या हातातला घास तसाच राहिला. “मला कळलं नाही, आजी. उगीच फोन केला तुम्हाला.”

“उगंच कसा? येळ सांगा की. आमच्या गल्लीतला लिंबाजी जायलाय आता मशीनला. त्याच्यापाशी फोन न्हाई. मी सांगते त्याला.”

संघप्रियाने यादीत लिंबाजीचं नाव शोधून त्याची वेळ सांगितली. पलीकडे बानूबाई ती हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, पाठ होईपर्यंत.