शनिवारची वही

"नाही ओ अम्मा, हा रंग नाही बसणार. ट्यूबलाइटखाली एक दिसतो, उन्हात भलताच निघतो. चला, बाहेर बघू," असं म्हणत शिल्पानं गिऱ्हाइकाची साडी आणि अस्तराचं कापड दोन्ही उचललं आणि दुकानाच्या उंबऱ्यावर नेलं. हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या या मॅचिंग सेंटरमध्ये ती बावीस वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी. बसायला स्टूल होतं, पण त्यावर कायम फॉलचे गठ्ठे असत. रंगाच्या बाबतीत शिल्पाबाई म्हणतील ती पूर्व दिशा, हे मालकही मान्य करायचे.

उंबऱ्यावरून तिला समोर सुधीर दिसला, तिचा नवरा. चार वर्षांच्या संसारात हा माणूस दुकानावर एकदाही आला नव्हता.

"पल्लवीनं कोर्टात अर्ज केलाय," तो म्हणाला. "तो फोटो लावलाय त्यात."

"कोणता फोटो?" तिनं विचारलं खरं, पण कोणता ते तिला पक्कं ठाऊक होतं.

सुधीर मूळचा पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. पल्लवी त्याची पहिली बायको. दोघांचं फाटलं, कोर्टात निकाल झाला, आणि मधे राहिली मृण्मयी. आता पंधरा वर्षांची, दहावीला. सोमवार ते शुक्रवार आईकडे कोंडापूरला, शनिवारी सकाळी दहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत बापाकडे हिमायतनगरला, असं कोर्टानं ठरवून दिलेलं. शिल्पा बरकतपुऱ्याची. अडतिसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा शेजारणी म्हणाल्या, आयती लेक मिळाली गं तुला! आयतं काय मिळतं हो जगात? पहिलं वर्षभर ती पोरगी तिच्याशी वायफायच्या पासवर्डापुरतं बोलली.

हाक काय मारायची यावरही रामायण झालं. 'मावशी' म्हटलं तर पल्लवी म्हणाली, माझी बहीण नाही ती. 'काकू' मृण्मयीलाच नको होतं. शेवटी 'अक्का' ठरलं. हैदराबादेत भाजीवालीलाही अक्का म्हणतात, तेव्हा पल्लवीची हरकत नव्हती.

आणि एक वही होती. दोन्ही घरांनी पोरीबद्दलचं काय ते तिच्यात लिहायचं, म्हणजे फोनवर भांडणं नकोत, असा सुधीरच्या वकीलबाईंचा सल्ला. वही मृण्मयीच्या दप्तरातून शनिवारी यायची, रविवारी जायची. पोरीला मराठी अक्षर लावून वाचायचा कंटाळा, म्हणून मुद्दाम मराठीत लिहायची. पल्लवी लिहायची, 'खोकला आहे. थंड देऊ नये.' सुधीरनं पहिल्या दोन आठवड्यांत 'सर्व ठीक' एवढंच लिहिलं आणि तिसऱ्यापासून वही शिल्पाच्या हातात आली. 'लेकरू दोन पोळ्या जेवलं. काढा दिला. गणिताला घाबरतंय, रागावू नका,' असं ती लिहायची आणि खाली सही ठोकायची, सुधीर. पुण्याचा माणूस जन्मात कधी 'लेकरू' म्हणायचा नाही, हे पल्लवीला कळत नसेल होय? पण चार वर्षांत तिनं त्यावर एक शब्द काढला नाही.

आता फोटोचं. मृण्मयीची वर्गमैत्रीण हारिका, तेलुगू घरातली. तिचा ओणीचा सोहळा होता. मुलगी वयात आली की पहिल्यांदा खांद्यावर ओणी, म्हणजे पदरासारखी ओढणी, देतात, हळदकुंकू लावतात, अक्षता टाकतात, तो. सगळ्या मैत्रिणी लंगा-ओणी, म्हणजे घोळदार परकर आणि वर ती ओढणी, नेसून जाणार होत्या. "मम्माला विचारलं तर ती म्हणते, काय बॅकवर्डपणा आहे! अक्का, प्लीज ना!" असं म्हणून पोरगी गळ्यात पडली, आणि शिल्पाला तर पंख फुटले. डाळिंबी लंगा, पोपटी ओणी, डाळिंबी चोळी. पंधरा दिवस खपून तिनं स्वतः शिवलं. वाढतं अंग म्हणून चोळीच्या आत दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच कापड दाबून ठेवलं.

सोहळ्याला शिल्पाच तिला घेऊन गेली. तिथं हारिकाच्या आजीनं मृण्मयीला बघितलं. ही पण पहिल्यांदाच ओणी घेतेय म्हटल्यावर म्हातारीनं तिलाही पाटावर बसवलं, आणि बायकांकडं वळून विचारलं, "अम्मा एवरू?" आई कोण हिची?

तेव्हा शिल्पा उठली.

कुणी ढकललं नव्हतं तिला. 'आई आली नाही, मी अशीच' म्हणता आलं असतं. तेलुगू काय तिला येत नव्हतं? पण उठली, पोरीच्या खांद्यावर ओणी टाकली, गालांना हळद लावली, डोक्यावर अक्षता टाकल्या. हारिकाच्या आईनं फोटो काढला आणि वर्गाच्या आयांच्या ग्रुपवर टाकला: मृण्मयी आणि तिची आई. त्या ग्रुपवर पल्लवी होतीच की!

"अर्जात काय मागितलंय?" उंबऱ्यावर उभ्या शिल्पानं विचारलं.

सुधीरनं घडी केलेला कागद काढला. "शनिवार-रविवारचं राहणं बंद करा म्हणतीये. पूर्ण. महिन्यातून दोन तास भेट, तीही कोर्टाच्या आवारात. वकीलबाई बोलल्या तिच्या वकिलाशी. एक वाट आहे म्हणाल्या." त्यानं कागद तिच्या हातात दिला. "तू हमीपत्र द्यायचं. मृण्मयी असेल त्या वेळात तू घरात राहणार नाहीस. भेटणार नाहीस, फोन करणार नाहीस. ती अठरा वर्षांची होईपर्यंत. मग पल्लवी अर्ज मागं घेईल. सोमवारी तारीख आहे."

"आणि नाही दिलं तर?"

"मग केस चालेल. मृण्मयीला आत बोलावून विचारतील, कोण हवं म्हणून." त्यानं कपाळ चोळलं. "तू सही केली नाहीस तरी मी तुला काही म्हणणार नाही, शिल्पा."

असं म्हणणारा माणूसच सगळ्यात जास्त म्हणत असतो. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे नवरा उभा, तोही गरीब गाय. शिल्पाला त्याचा राग आला आणि कीवही आली. आतून गिऱ्हाइकानं हाक मारली तशी ती कागद कमरेला खोचून आत गेली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दहा वाजता मृण्मयी आली ती दप्तर सोफ्यावर आपटूनच.

"मला सगळं माहितीये. मम्मा फोनवर बोलत होती. अक्का, तू टेन्शनच नको घेऊस. जज विचारतील ना, मी सांगते. मला अक्का पाहिजे, बस्."

"हौ? आणि तुझी मम्मा बाहेर बाकड्यावर बसलेली असंल, तिला काय वाटंल?"

"तिनंच तर केलंय ना हे सगळं!"

"तिनं नाही केलं, बाळा. मी केलं." शिल्पा पोहे परतत होती, ते परततच राहिली. "तिची जागा होती ती. मी बसले जाऊन. मला विचारलं कुणी, तर मी नक्को म्हणायला पाहिजे होतं."

"पण मला तूच हवी होतीस तिथे!"

हे ऐकायला शिल्पानं चार वर्षं वाट बघितली होती, आणि आलं ते असल्या दिवशी. तिला वाटलं, घ्यावं पोरीला मिठीत आणि म्हणावं, जा, सांग त्या जजला, ठणकावून सांग! मग तिच्या डोळ्यांसमोर कोर्टातलं ते बाकडं आलं. पोरगी आतून बाहेर येईल, आणि दोन्हीकडं दोन बायका बसलेल्या असतील. कुणाकडं चालत जाईल ती? आणि जिच्याकडं जाणार नाही, तिच्या घरी सोमवारपासून जेवेल कशी? वर वकीलबाईंनी बजावलं होतं की पोरगी असं बोलली तर पढवलेला पोपट म्हणतील.

"तू कोर्टात काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "मी सही करतेय."

मृण्मयी ओट्यापाशी आली. "म्हणजे तूपण मला सोडतेस?"

"दहावी आहे तुझी. अभ्यास कर."

"बोल ना नीट! तुला नकोय ना मी?"

शिल्पाच्या तोंडाशी आलेलं सगळं तिनं गिळलं. बोलली असती तर पोरगी कोर्टात उभी राहिली असती, आणि तेच तर नको होतं. पोहे करपले. मृण्मयीनं खोलीचं दार लावून घेतलं आणि रविवारी सहा वाजता ती दोघांशीही न बोलता खाली उतरली. डाळिंबी-पोपटी जोड मात्र तिनं दप्तरात कोंबून नेला. सोमवारी शिल्पानं तीन ठिकाणी सही केली. या खेपेला स्वतःच्या नावाची.

तेव्हापासून शनिवारी सकाळी साडेनऊला ती घरातून निघायची. पूर्वी शनिवारची रजा घ्यायची, आता दिवसभर दुकान. रात्री बरकतपुऱ्यात थोरल्या भावाकडं, हणमंतरावांकडं. भाऊ चांगला होता, पण वहिनीच्या आदरातिथ्यात 'किती दिवस असं?' हे दर वेळी वाढलेलं असायचं. बाजारातून फिरताना पंधरा-सोळाची पोरगी दिसली की हिचे पाय अडखळायचे. रविवारी सहानंतर घरी यायची. सिंकमध्ये एक जास्तीचं ताट असायचं, ते ती सगळ्यात शेवटी घासायची. न्हाणीघरात लांब केस सापडायचे. स्वतःच्याच घरात चोरासारखी ती पोरीच्या खुणा शोधायची, आणि सुधीर टीव्हीकडं तोंड करून बसायचा. विचारलं की म्हणायचा, "ठीक आहे. जेवली." वहीतही तो तेवढंच लिहायचा. सर्व ठीक.

अडीच महिने गेले. जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी तो पुन्हा दुकानावर आला. हातात वही.

"पुढच्या शुक्रवारी शाळेत दहावीवाल्यांचा निरोप समारंभ आहे," तो म्हणाला. "पल्लवीनं हे लिहिलंय. मला काय कळतंय यातलं?"

शिल्पानं वही घेतली. पल्लवीचं अक्षर सुबक होतं, पण या वेळी ओळी वाकड्या गेल्या होत्या.

'मृण्मयी निरोप समारंभाला ती डाळिंबी लंगा-ओणीच नेसणार म्हणतेय. चोळी छातीत घट्ट होते. मी टेलरकडे देते म्हटलं तर टेलरला हात लावू देत नाही. आत कापड ठेवलं असेल असं वाटतं. कुठून उसवायचं, ते कृपया लिहावं.'

शिल्पानं दोनदा वाचलं. ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही, त्याला पल्लवी चोळी कुठून उसवायची ते विचारत होती.

"तू सांग, मी लिहितो," सुधीर म्हणाला.

"आण इकडं ते पेन."

तिनं फॉलचे गठ्ठे खाली ठेवले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या स्टुलावर बसली. लिहिलं: 'काखेखाली दोन्ही बाजूंना शिवण आहे. आत दोन-दोन इंच कापड दाबलंय. वरून ब्लेड लावू नका. उलटं करून खालच्या टोकाचा धागा ओढा, अख्खा निघतो. एकदम सगळं सोडू नका, अर्धा-अर्धा इंच सोडा, लेकराला घालून बघा. ओणीला खांद्यावर पिन लावाल ती आतून लावा, टोचते तिला.' मग थांबली. पोरीला सांगा, असं काहीतरी लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. खाली सही केली, सुधीर.

वही मिटून तिनं नवऱ्याच्या हातात दिली.

तो घुटमळला. "मृण्मयी आलीये. कोपऱ्यावर ऑटोत बसलीये. नुसतं लांबून बघते म्हणत होती."

"नक्को," शिल्पा म्हणाली. "सही केलीय मी. जावा तुम्ही."

तो गेला. काउंटरसमोर एक म्हातारी बाई मोरपंखी साडी घेऊन मघापासून थांबली होती. शिल्पानं मागच्या फळीवरून तीन तागे काढले, एकेक साडीला लावून बघितला. डोळ्यांत पाणी असलं की कुठलाच रंग धड दिसत नाही.

"यहाँ समझमें नै आरा अम्मा," बाई म्हणाली, "बाहर धूप में देखेंगे ना!"

शिल्पानं उंबऱ्याकडं पाहिलं. कोपऱ्यावरचा ऑटो अजून उभाच होता.

"ठैरो अम्मा, दो मिनट," तिनं कापड हातात घट्ट धरून ठेवलं. "वो ऑटो जाने दो. फिर जाएंगे धूप में."