भीमाचे सोंग खाली ठेवा

मी शिवणीच्या लाकडाचा एक जुना मुखवटा आहे, बोहाड्यात, म्हणजे देवांची सोंगे नाचवायच्या आमच्या उत्सवात, नाचणाऱ्या भीमाचा. मित्रांनो, माझ्या मोठ्या डोळ्यांना मुले घाबरतात. खरे सांगू? घाबरलेला मीच आहे. माझ्या आत एका माणसाचा श्वास राहून गेला आहे. मी खुंटीवर टांगलेला असतो तेव्हाही तो मला ऐकू येतो.

तो श्वास भिकाचा. मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावर भीमाचे सोंग घ्यायचा मान त्याच्या घराचा. दरवर्षी तो मला नवा रंग द्यायचा आणि संबळ वाजू लागला की चढवायचा. लोक म्हणत, "भीम नाचावा तर भिकाचाच." मला तर शिंगेच फुटत.

सोंग चढले की फेरी पुरी होईपर्यंत उतरवायचे नाही, हा आमच्याकडचा नेम. शहाण्णव सालच्या बोहाड्यात भिकाला जोराची लघवी लागली, तरी तो नाचत राहिला. सोंग उतरल्यावर लघवी होईना. लाजेने तो कुणाला बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पोट टणक झालेले असताना त्याने मला पुन्हा चढवले. आत तो कण्हत होता, बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. ते कण्हणे मी एकट्याने ऐकले, आणि एवढे मोठे तोंड असून मला बोलता आले नाही.

पाराजवळ तो कोसळला. त्याचा मुलगा जगन त्याला जीपने मोखाड्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. गडबडीत मीही जगनच्या हातातच राहिलो. नळी घालून लघवी काढली, तसा भिकाचा चेहरा सैल झाला. आम्हाला वाटले, सुटलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लघवीची पिशवी फार ताणली गेली, तिचं रक्त अडलं. आता रक्त परत आलंय, पण तेच तिला आतून इजा करतंय."

"मंग औषध द्या ना, बाई," जगन म्हणाला.

"ही इजा रोखतील अशी औषधं शोधतायत. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्यांना. अजून प्राण्यांवरच तपासणी चाललीय. तुम्ही कालच आणलं असतं तर..."

भिकाची पिशवी पुन्हा नीट आवळली नाही. नळी आणि कमरेला लघवीची थैली कायमची राहिली. देवाला विटाळ नको म्हणून त्याने मला हात लावणे सोडले. मान जगनकडे गेला.

काही वर्षांनी बोहाड्यात लघवी दाबून धरावी तसे जगनचे पाय एकाएकी जुळू लागले. आत श्वास अडखळू लागला. तो श्वास माझ्या ओळखीचा होता. मी पार हादरलो.

तेवढ्यात भिका थैली सावरत गर्दीतून पुढे आला. "वाजप थांबवा," तो म्हणाला. संबळ थांबला.

"बा, फेरी राहलीय."

"राहू दे. भीमाला मी धरतो. तू जाऊन ये."

त्याने मला उतरवले आणि पारावर बसून मांडीवर घेतले, थैलीच्या शेजारीच. म्हातारी माणसे त्याच्याजवळ पारावर येऊन बसली. जगन परत आला तसा संबळ पुन्हा वाजू लागला.

मित्रांनो, लघवी लागली की जा. त्रास होत असेल तर घरी सांगा, लाजू नका. खेळ तुमच्यासाठी थांबेल. देवसुद्धा थांबतो. मी थांबलो होतो, भिकाच्या मांडीवर.