उघड्या डोळ्यांचा फोटो

हॉटेलच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून थोरलीनं विचारलं, "फोटोवाली नक्की येणार ना? का ऐनवेळी पाय मुरगळला, ताप आला, असलं काहीतरी सांगणार?"

"येणार, ताई. फॉर्म तर भरू द्या." काउंटरवरच्या बाईनं कॉम्प्युटरकडे बघतच विचारलं, "नवविवाहित?"

"हो. एक्केचाळीस वर्षांपूर्वी."

बाईची बोटं थांबली. "नाही म्हणजे, पॅकेजचं नाव 'हनिमून खास' आहे. म्हणून विचारावं लागतं."

"मग लिहा की! हनिमून राहिलाच आहे आमचा. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ह्यांना गोदामाच्या गेटचं काम आलं. तेव्हापासून निघतोय निघतोय, ते काल निघालो."

मागे सोफ्यावर तिचा नवरा बसला होता. तो सोफ्यावर बसला होता म्हणण्यापेक्षा सोफ्याचा पाय हलवून बघत होता. पाय डुगडुगत होता आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

"पुढचा प्रश्न. तुम्हा दोघांना एकत्र काय करायला आवडतं?"

"भांडायला."

"तसं नाही लिहिता येणार, ताई."

"मग गप्पा मारायला लिहा. लांबून ऐकणाऱ्याला सारखंच वाटतं."

"बरं. वेळ उद्या सकाळी सातची, नदीवरच्या लोखंडी पुलावर. वीस मिनिटं. आठ वाजता तिला दुसरीकडे जायचं आहे. आता शेवटचं. काही खास मागणी?"

थोरली ताठ उभी राहिली. लिहिण्यात चूक होऊ नये म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नवऱ्याचे डोळे उघडे पाहिजेत."

ही मागणी ऐकून काउंटरवरची बाई हसली. पण थोरलीला हसू येत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

तिचा नवरा वेल्डर. घराला लागूनच त्याची पत्र्याची शेड, आणि बैठकीच्या खोलीची एक खिडकी थेट त्या शेडमध्ये उघडणारी. ठिणगी पाडायच्या आधी तो मोठ्यानं हाळी द्यायचा, "डोळे!" की समोर असेल त्यानं डोळे मिटायचे. मग तो गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, नाहीतर खिडकीपाशी अभ्यास करणारं पोर असो. स्वतः तोंडावर काळी काच ओढायच्या आधी त्याचेही डोळे आपोआप मिटायचे. हातातली वस्तू वर गेली की पापण्या खाली. इतकी वर्षं हेच केल्यावर कॅमेरा आणि वेल्डिंगची कांडी यांतला फरक पापण्यांना कोण समजावणार? लग्नाच्या फोटोत तो झोपलेला. मुलाच्या बारशाला झोपलेला. मुलाच्या लग्नात तर सूनबाईच्या शेजारी असा उभा, की जणू उभ्या उभ्याच डुलकी लागलीय. एक्केचाळीस वर्षांत दोघांचा मिळून, दोघेही जागे आहेत असा एक फोटो म्हणून नव्हता.

मुलानं आणि सुनेनं यंदा हट्टानं तीन दिवसांची ही शहराची सहल ठरवून दिली, तेव्हा थोरलीनं जाहीर केलं की येताना फोटो काढून आणणार, चांगल्या शिकलेल्या फोटोवालीकडून. नवऱ्यानं संध्याकाळी फक्त विचारलं, "केवढा?" तिनं दोन हात पसरून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पातळ पट्टीची लोखंडी चौकट बनवली, आडवी, कोपरे घासून घासून असे गुळगुळीत केलेले की जोड कुठं आहे ते बोटाला कळू नये. काळा रंग दिला आणि बैठकीच्या भिंतीवर टांगली. रिकामीच.

ती बघायला धाकटी जाऊ आली. येणारच. तिच्या घरात फोटो नाहीत अशी भिंत नाही.

"चौकट छान आहे हो, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "अशीच ठेवा. भाऊजींची झोप तरी मोडणार नाही."

थोरलीनं चहाचा कप असा ठेवला की बशी किणकिणली. "रविवारी चहाला या. फोटो भिंतीवर असेल. नसला, तर तुमचा लावीन. मोठा करून!"

तोंडातून गेलं ते गेलं. आणि आज, हॉटेलच्या काउंटरवर, गुरुवार उजाडला होता.

शुक्रवारी पहाटेपासूनच थोरलीच्या अंगात वारं भरलं होतं. तीन वेळा भांग पाडला, तीन वेळा मोडला. ठेवणीतले निळे कपडे घातले, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर दोनदा सरळ केली, आणि या सगळ्या गडबडीत केस विंचरायला काढून ठेवलेल्या स्वतःच्या चष्म्यावर स्वतःच बसली.

कट्ट!

"तुम्ही घाई केलीत ना, म्हणून!" ती उठता उठता म्हणाली.

"मी? मी तर मोजे घालतोय."

"तेच! मोजे घालायला लागलात, मला वाटलं उशीर झाला!"

चष्म्याची एक काडी बिजागरीपाशी निखळली होती. चष्म्याशिवाय तिला हातभर पलीकडचं माणूस म्हणजे नुसता डाग दिसे, आणि तो डाग कोण आहे हे बघायला ती डोळे असे बारीक करी की नवऱ्याला नावं ठेवायची सोय राहिली नसती. तिचे डोळे भरून आले, पण ते तिनं कपाळावर आठ्या घालून झाकलं.

नवऱ्यानं हात पुढे केला. "आकडा दे केसातला."

तिनं दिला. त्यानं तो दातांनी सरळ केला, बिजागरीच्या बारक्या भोकातून ओवला, नेलकटरनं दोन पिळे दिले, टोक दाबून बसवलं. तीन मिनिटं. चष्मा तिच्या नाकावर ठेवला आणि मान तिरकी करून बघितलं.

"तार दिसतेय," आरशात बघून ती म्हणाली.

"दिसू दे. पडणार तर नाही."

सातला पाच कमी असताना दोघं पुलावर हजर होती. नदीवर कोवळं ऊन पसरलं होतं, पुलाचे लोखंडी कठडे त्यात चमकत होते, आणि थोरलीचं काळीज शाळेच्या पहिल्या दिवशी धडधडावं तसं धडधडत होतं. शाळा तिनं चार वर्षांत सोडली, पण तो पहिला दिवस तिच्या चांगला लक्षात होता.

फोटोवाली पोरगी सायकलवरून आली. कापलेले केस, दोन्ही खांद्यांना एकेक कॅमेरा. "काका, काकू, काय मस्त दिसताय! चला, काका, काकूंच्या कमरेवर हात ठेवा."

काकांनी ठेवला. गॅसचं सिलिंडर सरकवायला ठेवतात तसा.

"जरा हलकेच, काका. आता दोघं इकडे बघा. एक, दोन, तीन!"

डोळे मिटलेले.

"काही हरकत नाही. आता मोजत नाही मी. नुसतं बघा."

मिटलेले. ती लांब गेली, जवळ आली, गुडघ्यावर बसली, एकामागून एक दहा फोटो धडाधड काढले. दहाच्या दहा मिटलेले. कॅमेरा वर गेला की पापण्या खाली, जणू एकच दोरी दोन्हीकडे बांधलीय.

"अहो, जरा ताणून धरा की!" थोरली दातांआडून पुटपुटली. "पापण्याच आहेत, दुकानाचं शटर नाही!"

"धरतोय गं. धरल्या धरल्या पडतात."

पोरीनं घड्याळ बघितलं. सात मिनिटं उरली होती. तिलाही आता पेटल्यासारखं झालं होतं. तिनं कॅमेरा रोखला आणि ऐन क्षणी जोरात ओरडली, "काका, डोळे!"

टिक.

मग तिनं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघितलं, फोटो मोठा करून पुन्हा बघितला. "काकू," शेवटी ती हळूच म्हणाली, "यात तुमचेही मिटलेत."

थोरलीनं काचेला नाक लावून बघितलं. खरंच की. दोघं शेजारी शेजारी, ठेवणीतल्या कपड्यांत, गाढ झोपलेली. पोरगी ओरडली "डोळे" आणि एक्केचाळीस वर्षं त्या खिडकीपाशी भाज्या चिरलेल्या बाईचे डोळे, तिला न विचारता, मिटून मोकळे झाले होते.

इतकी वर्षं ती ह्या माणसाला झोपाळू म्हणाली होती, बावळट म्हणाली होती, चार लोकांत म्हणाली होती. आणि हे दुखणं तर तिच्याही पापण्यांना जडलेलं होतं.

"राहू दे गं," नवरा खाली बघत म्हणाला. "तू एकटीच उभी राहा. निळ्यात छान दिसतेस. चौकटीत एकटी पण शोभशील."

"एकटीचा फोटो भिंतीवर लावायला मी अजून मेलेली नाही!"

तो ओशाळला आणि कठड्याकडे वळला. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून अंगठा लोखंडावरून फिरवू लागला. एका जोडापाशी अंगठा थांबला. तो खाली वाकला. "हे बघ. काय घाई केलीय! एक टाका मारला आणि पळाला. आतून सगळं पोकळ."

थोरलीचं जोडाकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. एवढे मोठे! काळेभोर, टक्क उघडे, पापणी म्हणून लवत नव्हती. काम करताना मिटणारे हे डोळे काम तपासताना असे उघडतात, हे तिनं हजारदा बघितलं होतं आणि एकदाही मनात धरलं नव्हतं.

तिनं फोटोवालीचं मनगट धरलं आणि बाजूला ओढलं. "किती मिनिटं?"

"चार, काकू."

"पुष्कळ झाली. कॅमेरा वर उचलायचा नाही. पोटापाशीच ठेव. येतं ना तसं?"

"येतं."

"तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि मी काय बोलते त्याला हसायचं नाही."

मग ती कठड्याला टेकून उभी राहिली, उजेड तोंडावर येईल अशी, आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, इकडे या जरा. ही तुमची तार ढिली झालीय. चष्मा घसरतोय."

तार कुठली ढिली व्हायला!

"ढिली?" वेल्डर एकदम सरळ झाला. "माझी तार ढिली?"

"आता आहे ती आहे."

तो तरातरा आला. दोन बोटांनी तिची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली, आणि वाकून बिजागरीपाशी डोळे नेले. तार तपासली. पिळा तपासला. काडी अलगद हलवून बघितली. मग नजर काडीवरून सरकत काचेवर आली, आणि काचेतून आत.

थोरलीनं सगळं ठरवून केलं होतं. फोटो, चौकट, धाकटीचं तोंड, सगळं तिच्या डोक्यात जागच्या जागी होतं. पण हनुवटीवरची ती खरखरीत बोटं आणि इतक्या जवळ उघडलेले ते डोळे बघून, ती कशाला उभी आहे तेच क्षणभर विसरली. तिला काही बोलायचं सुचेना. हे तिच्या बाबतीत क्वचितच होई.

"कुठं ढिली आहे?" तो म्हणाला. "चांगली घट्ट आहे."

"असेल."

"उगाच घाबरवतेस." आणि तो हसला. अगदी तसाच, डोळे उघडे ठेवून.

टिक. टिक. टिक.

"काकू!" फोटोवाली पोरगी हुकूम विसरून जागच्या जागी उडी मारत ओरडली. "आला! आला बघा!"

दोघं धावत जाऊन काचेवर वाकली, डोक्याला डोकं आपटलं. फोटो आडवा होता. इकडे ती, तिकडे तो, मध्ये नदीवरचं ऊन. त्याचे डोळे टक्क उघडे, आणि बघत कुणाकडे होते ते चौकातल्या माणसालाही कळलं असतं.

"आणि हिचं तोंड मिटलेलं!" वेल्डर म्हणाला. "एका फोटोत दोन चमत्कार."

"मिटलेलं नाही, आवरलेलं!" थोरलीनं त्याच्या दंडाला चिमटा काढला, पण तिचा आवाज आनंदानं चिरकला होता.

"तुमच्या चष्म्याची तार मात्र दिसतेय," पोरगी म्हणाली. "कॉम्प्युटरवर काढून टाकते. कळणारसुद्धा नाही."

"हात तर लाव! त्या तारेमुळे डोळे उघडलेत ह्यांचे. ती गेली तर फोटोत राहिलं काय?"

पाठवून देते म्हणणाऱ्यांवर थोरलीचा विश्वास नव्हता. गाडी दुपारची होती. तोवर फोटोवालीच्या स्टुडिओत खुर्ची टाकून ती बसून राहिली, नवऱ्यानं वीतभर वीतभर मोजून माप सांगितलं, आणि मोठा कागद गुंडाळून हातात आल्यावरच ती गाडीत चढली. सगळा प्रवास तिनं तो मांडीवर धरला. सामान खाली पडलं तरी चालेल, हा नाही.

रविवारी धाकटी आली. पिशवी खाली न ठेवता थेट आता काच बसवलेल्या चौकटीसमोर जाऊन उभी राहिली. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. पुढे जाऊन वेल्डरच्या डोळ्यांपाशी बोट नेलं, रंगवलेत की काय ते बघायला.

"खरे आहेत," थोरली कपात चहा ओतत म्हणाली. "पुसून बघा हवं तर."

धाकटी खुर्चीवर टेकली. शोधून शोधून शेवटी म्हणाली, "चष्म्याला तार कसली हो ती?"

थोरली याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं कप तिच्या हातात दिला, समोर नीट बसली, घसा साफ केला. शेजारी सूनबाई पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून आधीच हसत होती.

तेवढ्यात खिडकीतून शेडमधली हाळी आली, "डोळे!"

बैठकीत तिन्ही बायकांनी, हातात चहाचे कप तसेच धरून, डोळे मिटले. खिडकीतून निळा लखलखाट आत आला, भिंतीवर नाचला आणि काळ्या चौकटीच्या काचेवर चमकला. काचेमागची ती दोघं तेवढी एकमेकांकडे टक लावून बघत राहिली.