धुऱ्यावरची हातभर जागा

मोनालीच्या पाच बकऱ्यांत एक बिजली होती, आणि ती बकरी कमी, दरोडेखोर जास्त. शेजारच्या केशवरावांच्या बागेतली संत्र्याची कोवळी कलमं तिने दोनदा फस्त केली होती. बाकीच्या चौघी तिच्या मागे, हे सांगायलाच नको. शेवटी सासू शांताबाईंनी सांगून टाकलं, "आता एकडाव जरी गेली, तं सौंसरच्या बाजारात सगळ्या इकून टाकीन." मोनालीने स्वतः बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या बकऱ्या त्या.

नवऱ्याने, प्रफुल्लने, राबून चराईभोवती जाळीचं कुंपण केलं. जाळी ताणली की कोपऱ्याचा खांब आत झुकतो, म्हणून त्याला आतून तिरपा लाकडी टेका दिला. बाहेरून तारेने ओढून धरता आला असता. पण बाहेर केशवरावांचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि धुऱ्याच्या वीतभर मातीवरून इकडे सख्खे भाऊ बोलेनासे होतात. प्रफुल्लला ती कटकट नको होती.

सकाळी बिजली वरमाईच्या थाटात टेक्यावरून चढली आणि पलीकडे उडी मारून मोकळी झाली. मोनालीने धावत जाऊन तिला शिंगाला धरलं, म्हणून कलमं वाचली. प्रफुल्ल डोक्याला हात लावून बसला. मोनाली मात्र तडक केशवरावांकडे गेली.

"काकाजी, धुऱ्यावर हातभर जागा पाह्यजे. खुंटी गाडून आमी खांब बाहेरून ताणतो."

"धुऱ्यावर? माह्या बापानं सख्ख्या भावाले नाई देल्ली थे जागा."

"बकरी धुरा नाई खात, काकाजी, कलमं खाते. काय वाचवाचं हाय, थे तुमीच सांगा."

म्हातारा मग उठला आणि पहार घेऊन आला. खुंटी त्यानेच गाडली, आणि नीट बसावी म्हणून हातभराची दीड हात जागा त्यानेच दिली.

टेका निघाला, खांब ताठ उभा राहिला. बकऱ्या सोडल्या तेव्हा सगळे कुंपणाशी उभे होते. बिजली थेट त्या कोपऱ्यात गेली. टेका शोधला, जाळीवर पाय देऊन पाहिले, धडक मारली. जाळी हलली नाही. चिडून तिने कुंपणाला एक पूर्ण फेरी घातली, आणि मग मान खाली घालून गवताला लागली. आनंदाने मोनालीला रडूच आलं.

शांताबाई कमरेवर हात ठेवून कुंपण न्याहाळत होत्या.

"एवढ्या जागेत पाचच बकऱ्या बऱ्या दिसत नाईत," त्या सुनेला म्हणाल्या. "बाजारात चाल माह्यासंगं. अजून दोन आणू."