बापाचं तोंड

इलाबोवाचं अर्धं डोकं भादरून झालं होतं, तेवढ्यात नामोया आत्याने तिच्या आईच्या हातातलं पातं काढून घेतलं.

"थांब वहिनी. डोकं भादरतात ते बापासाठी. माझा भाऊ हिचा बाप होता का, ते आधी आमची आई येऊन सांगेल."

नामोयाचा भाऊ तोमेदा कालच वारला होता. किरिविना बेटावर मानतात, लेकराचं तोंड बापावर जातं. तो भरवतो, न्हाऊ घालतो, मांडीवर खेळवतो, तेव्हा कुठे चेहरा घडतो. पण इलाबोवाच्या आईने तोमेदाशी संसार मांडला तेव्हा पोर चांगली धावती-बोलती होती. 'भाजलेलं मडकं,' नामोया तेव्हापासून म्हणायची, 'त्याला आता आकार कोण देणार?' तोमेदाने ते कधी मनावर घेतलं नाही. रोज संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन तो कोनफळाचा घास भरवायचा. इलाबोवाला दुसरा बाप माहीतच नव्हता.

म्हातारी काठी टेकत आली. गेलेल्या लेकाचं तोंड नातवंडांत शोधायला आई येतेच. तिने इलाबोवाची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"नाक नाही," म्हातारी म्हणाली. "कपाळ नाही. हनुवटी तर मुळीच नाही."

"मी काय म्हणत होते!"

"तू गप गं. तुझ्या भावाने कुठलं काम कधी वेळेवर संपवलं? होडी कोरायला घेतली, अर्धी. कुंपण घातलं, अर्धं. हिचं तोंडही अर्धंच टाकून गेला मेला." तिचा आवाज फुटला. तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. "अर्धं राहिलेलं घरच्यांनी पुरं करायचं असतं. पातं दे हिच्या आईला."

नामोयाने पातं परत दिलं.

म्हातारी कण्हत इलाबोवासमोर बसली. सुतकात कोनफळ चालत नाही, म्हणून तिने टोपलीतून भाजलेला नीरफणस काढला, फुंकर घातली आणि तुकडा तिच्या ओठांशी धरला.

इलाबोवाला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आजी, दोन पोरांची आई झाले मी. आता कसलं माझं तोंड घडायचं?"

"नीट चाव," म्हातारी म्हणाली. "माझ्याकडे फार वेळ नाही."