माझ्याच खालून गेलेली गाडी

खोटं बोलता तुम्ही. चोराला तुम्ही घाबरतच नाही. खरंच घाबरत असता, तर मला असं भलतीकडे तोंड करून टांगलं नसतं. नाव घेत नाही मी कुणाचं. ज्याच्या दारावर माझ्यासारखा एखादा लटकतो आहे, त्याने एकदा बाहेर यावं, मान वर करावी आणि आपला कॅमेरा नेमकं काय पाहतो आहे ते बघावं. मग खुशाल माझ्यावर रागवावं.

होय, मी कॅमेराच बोलतोय. पांढुर्ण्यातल्या एका गल्लीत, विजयरावांच्या ओसरीच्या छपराला दोन स्क्रूंवर माझा संसार आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते खोकं. खोक्यावर एका चोराचं चित्र होतं. तोंडाला काळा मुखवटा, पाठीवर पोतं, भिंतीवरून उडी मारण्याच्या बेतात. दुकानाच्या फळीवर पडल्यापडल्या मी त्याला रोज आव्हान द्यायचो, ये, एकदा समोर तर ये! लहान होतो मी. चोर मुखवटा घालून येतो, असंच मला वाटायचं.

मग एक दिवस विजयराव आले. सरकारी कार्यालयात बाबू. त्यांची मुलगी अश्विनी तिगावच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवते. शाळेची घंटा आणि बसची वेळ यांचं कधी जमलं नाही, म्हणून तिने स्वतःच्या पगारातून पांढरी स्कूटर घेतली होती. "पोरीची गाडी हाये. जमाना खराब हाये. चांगला दाखवा," विजयराव दुकानदाराला म्हणाले. माझी छाती भरून आली. मला काम मिळालं होतं. एका मुलीची गाडी सांभाळायचं!

मला बसवायला रोशन आला. शिडीवर चढून त्याने माझी मान हलकेच खाली वळवली.

"काकाजी, गाडी इथंच ओसरीत उभी राहीन ना? मंग याचं तोंड खालीच ठेवतो."

"खाली काय पाह्याचं? गाडी का पळून जाते?" विजयराव म्हणाले. "तू गल्लीकडं कर. मोडापर्यंत दिसलं पाहिजे."

रोशनने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा विजयरावांकडे. मग मान गल्लीकडे फिरवली आणि स्क्रू घट्ट केले. त्या दिवसापासून मला तो मोड, म्हणजे गल्लीचं वळण, दिसतं, वळणावरचा पानठेला दिसतो आणि समोरच्या मोरेश्वररावांचं अर्धं फाटक दिसतं. ज्या गाडीसाठी मला आणलं ती माझ्या खालीच उभी असायची. ती तेवढी दिसत नव्हती.

विजयराव कार्यालयात बसून मोबाइलवर मला बघायचे. फाइल उघडायला वेळ नसलेला माणूस माझ्यासाठी किती वेळ काढायचा! मोरेश्वररावांकडे कोण आलं, काय घेऊन आलं, त्यांच्या घरचा कचरा कुणाच्या दारापर्यंत उडाला, सगळ्यावर लक्ष. पण खरा जीव अडकलेला असायचा तो वळणावर. शाळा सुटली की ते वळणाकडे डोळे लावून बसत. मला नुसता डोळा नव्हता. कान होते आणि तोंडही होतं. मोबाइलचं बटन दाबून ते माझ्या तोंडून बोलू शकत.

"अश्विनी! आज उशीर काहून? अन् मोडावर कोण बोलून राह्यला होता तुह्याशी?"

अश्विनीने हेल्मेट काढलं आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, ते आमचे हेडमास्तर होते. तुमच्याहून मोठे आहेत. पाया पडू का त्यांच्या उद्या, तुमच्या वतीने?"

गल्ली हसली. मोरेश्वरराव फाटकातून ओरडले, "विजयभाऊ, तुमची भिंत फार बोलते बाप्पा!"

हसले सगळे, पण त्या दिवसानंतर अश्विनी वळण पार करताना माझ्याकडे बघेनाशी झाली. तिची गाडी सांभाळायला आलो होतो मी. आणि ती मला चुकवत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या दोन काठांवरून दगड चालतात आणि ते पाहायला पाहुणे लोटतात. ज्याचं घर गावात, त्याच्या घरी पंगत. विजयरावांकडेही सौंसरहून उर्मिलाताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, माहेरचे आले. कार्यालयातले आले. त्यांच्या ओळखीचे आले, आणि त्या ओळखीच्यांच्या जीपमध्ये जागा होती म्हणून बसून आलेलेही आले. अशा दिवशी एक रिवाज पाळतात. आलेल्याला 'तुम्ही कोण' असं विचारायचं नाही. विचारलं की पाहुणा रुसतो, आणि तो रुसवा वर्षभर सगळ्या नात्यात फिरतो. नवऱ्याला वाटतं, हा बायकोकडचा. बायकोला वाटतं, हा नवऱ्याच्या कार्यालयातला. ताट दोघंही वाढतात.

तो माणूस माझ्या पाठीच्या बाजूने आला. मी त्याला पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

"वहिनी, वांग्याची भाजी तर एक नंबर झाली!"

"घ्या ना मंग अजून. लाजू नका," उर्मिलाताई म्हणाल्या.

पोटभर जेवून तो ओसरीत हात धुवायला आला. विजयराव तांब्या घेऊन उभे होते.

"काकाजी, कॅमेरा मस्त लावला! चालू हाये, का शोभेचा?"

"शोभेचा? मोडावरची माशी दिसते त्यात!"

"अन् इथली ओसरी?"

"ओसरी कायले पाह्याची? इथं तर आपणच असतो."

त्या क्षणी स्क्रू तोडून त्यांच्या टाळक्यात पडावंसं वाटलं मला.

"बराबर हाये. काकाजी, ही पांढरी गाडी मधात येऊन राहिली. जीप निघत नाही. चावी द्या, बाजूला करतो."

"अरे, तुम्ही पाहुणे! तुम्ही कायले तकलीफ घेता?"

"पाहुणा कायचा? घरचाच हाये मी."

खिळ्यावरच्या चाव्या खुळखुळल्या. गाडी सुरू झाली. आवाज गेला तिकडे माझी पाठ होती. मी मोरेश्वररावांचं फाटक पाहत राहिलो. तिथे एक कुत्रं झोपलं होतं.

संध्याकाळी गाडी जागेवर नाही हे कळलं आणि घर हादरलं.

"चावी गाडीलाच लटकवून ठेवली असन तुनं!" विजयराव अश्विनीवर कडाडले.

"नाही बाबा. खिळ्यावर होती."

"मंग खिळ्यावरून उडाली का?"

ते खोटं बोलत नव्हते. पाहुण्याला चावी देणं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं, जसं पाहुण्याला पाणी दिल्याचं कुणाच्या लक्षात राहत नाही. दोष मात्र कुणाच्या तरी माथी मारायचा असतो, आणि घरात वयाने लहान एकच होती. सौंसरच्या मामांनी सुपारी कातरत निकाल दिला, "पोरीले गाडी पाह्यजेच कायले? तुम्हीच डोक्यावर चढवून ठेवली, भाऊजी."

विजयरावांना तेवढंच हवं होतं. "गाडी गेली, आता तिगावही बंद. उद्या शाळेत फोन कर अन् सांगून दे, येत नाही म्हणून."

"अन् माझी दहावीची पोरं?"

"दुसरी मास्तरीण भेटन त्यायले."

अश्विनी हेल्मेट घेऊन ओसरीत येऊन बसली. मला ती दिसत नव्हती. हेल्मेटचा पट्टा चाळवल्याचा आवाज आणि तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. सगळं ठाऊक असून मी गप्प. माझ्या तोंडाचं बटन विजयरावांच्या खिशात.

सकाळी हवालदार आला आणि सगळे गल्लीत, अगदी माझ्यासमोर जमले. विजयरावांनी ऐटीत मोबाइल पुढे केला. "पाहा, सारं रेकॉर्ड हाये."

हवालदाराने पाहिलं. परत पाहिलं. "साहेब, गाडी ओसरीतून गेली ना? यात तर समोरच्याचं फाटक हाये. अन् कुत्रं." मग त्याचं बोट दुसरीकडेच लागलं. "अन् हे काय काय जमवून ठेवलं?"

विजयरावांनी निवडून साठवलेले तुकडे होते ते. अश्विनी वळणावर. अश्विनी वळणावर कुणाशी बोलताना. अश्विनी मैत्रिणीच्या मागे बसून येताना. पुन्हा अश्विनी. हवालदाराने घाईघाईने मान दुसरीकडे वळवली. उर्मिलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. विजयराव मोबाइल खिशात टाकणार, तेवढ्यात अश्विनीने हात पुढे केला.

"बाबा, आवाज वाढवा."

"आवाज कायले? त्यात फक्त पाह्याचं असते."

"याच्या तोंडून तुम्ही रोज माझ्यावर ओरडता. ज्याला तोंड आहे त्याला कानही असतील."

तिने कालची दुपार लावली. चित्रात कुत्रं झोपलेलं, आणि त्या कुत्र्यावर विजयरावांचा आवाज स्वच्छ उमटला. मोडावरची माशी दिसते त्यात. ओसरी कायले पाह्याची. मग चाव्यांची खुळखुळ. पाहुणा कायचा, घरचाच हाये मी.

मामांचा अडकित्ता मधेच थांबला.

"अगं बाई," उर्मिलाताई म्हणाल्या, "मी तर याले दोनदा भाजी वाढली. मले वाटलं, तुमच्या हापिसातला."

"अन् मले वाटलं, तुह्या सौंसरचा," विजयराव कसेबसे बोलले.

अश्विनीने पर्स उचलली. "बाबा, शाळेत फोन करायचा होता ना? काय सांगू? चावी कोणी दिली, ते सांगू का?"

तिने मोबाइल बाबांच्या हातात ठेवला. मग ती स्टँडकडे चालत निघाली. वळणावर तिने थांबून माझ्याकडे पाहिलं, सरळ, डोळ्यात डोळे घालून. त्या दिवशी माझ्या तोंडून एकही शब्द आला नाही.

गाडी अजून सापडलेली नाही. अश्विनी बसने जाते, पहिली घंटा चुकते, म्हणून तिचा तास शाळेने नंतर ठेवला आहे. दहावीची पोरं मात्र तिचीच आहेत. आणि मी? माझ्या डोळ्यावर कोळ्याने जाळं विणलं आहे. कुणी पुसत नाही, कारण हल्ली मला कुणी बघत नाही. माझं मागणं फार नाही. मला चोराला बघू द्या. तो मुखवटा घालत नाही, जेवून हात धुतो आणि तुम्हाला काकाजी म्हणतो, एवढं आता मला कळलं आहे. बाकी पोरी आपल्या वाटेने जातील, त्यांना पहाऱ्याची गरज नाही. माझी मान तुमच्या हातात आहे.

आज विजयरावांनी पुन्हा रोशनला बोलावलं आहे. मोरेश्वरराव फाटकातून बघताहेत, उर्मिलाताई दारात उभ्या आहेत, अश्विनी नुकतीच शाळेतून आली आहे. रोशनने शिडी लावली, जाळं पुसलं, स्क्रू सैल केले आणि माझी मान हातात धरून खाली बघितलं.

"काकाजी, आधी पक्कं सांगा. या खेपेले चोर पाह्याचा हाये, का पोरगी?"