पडले की पाडले?

यंदा शाळेच्या इतिहास प्रकल्पात राजांची रांग नव्हती. विषय होता ‘वेढा’. जगभरातल्या वेढ्यांकडे कोणी कसं पाहिलं ते शोधायचं आणि वार्षिक कार्यक्रमात मंचावर वाचायचं. दहावीतून निवड झाली भिंगरीची. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. पहिल्यांदाच कुणीतरी तिला आपणहून बोलायला सांगितलं होतं. पोरीचे पाय जमिनीवर नव्हते.

तालमीला इतिहासाच्या सरांनी तिचा कागद पाहिला आणि लाल पेनाने एक काना उडवला.

“शहर ‘पाडले’ काय? ‘पडले’! दहावीत येऊन शुद्धलेखनाची बोंब?”

“चूक नाही सर, मुद्दाम लिहिलंय. शहर काय पिकलेलं फळ आहे, आपोआप पडायला? तोफा लावून पाडलं की!”

मागच्या बाकांवर खसखस पिकली.

“पुस्तकात ‘पडले’ आहे.”

“पुस्तक तटाच्या कुठल्या बाजूला उभं होतं, सर?”

सरांची पट्टी टेबलावर आपटली. “उद्या ‘पडले’ वाचायचं. नाहीतर पोपट वाचेल.” पोपट म्हणजे वर्गातला पहिला नंबर, पुस्तक तोंडपाठ.

घरी आईने कपाळावर हात मारला. “अगं, एका कान्यापायी हातातला मान घालवणार?”

“आई, दादाच्या हातून बशी गेली की तू म्हणतेस, फुटली. माझ्या हातून गेली की, फोडली! मग काना कुठून येतो ते मला नको सांगूस.”



दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. भिंगरीने माइक धरला.

“जिंकणाऱ्यांच्या कारकुनाने लिहिलं, आम्ही शहर घेतले. ज्यांची घरं गेली त्या बायका सांगत राहिल्या, त्यांनी शहर पाडले. आपलं पुस्तक म्हणतं, शहर पडले. कोणी? पुस्तकाच्या वाक्यात करणारा कोणीच नाही!”

सरांनी खूण केली. माइक मेला. पोपट दुसरा कागद घेऊन घाईघाईने पायऱ्या चढला.

“ए, उतर खाली,” तो कुजबुजला. “सर चिडलेत.”

“चिडले नाहीत. मी चिडवलंय.”

तिने मेलेला माइक त्याच्या हातात दिला, मंचाच्या अगदी काठावर आली आणि शेवटच्या रांगेतल्या एखाद्या आजोबांनाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात पुढची ओळ वाचायला लागली.